मदत हवी आहे: नव्या सर्फ गिटारची जाडी तार ब्रिजवरून सटकते, १४ एप्रिलच्या आत उपाय पाहिजे

काळी_माती (दारव्हा तालुका)
जय भीम, नमस्कार मंडळी. नवीन गिटार घेतली, जॅझमास्टर टाइपची, सर्फ म्हणजे त्या समुद्रकिनाऱ्यावरच्या गिटार-संगीतासाठी. जोरात मारलं की सहावी तार सॅडलवरून (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) सटकून बाजूच्या खाचेत जाते. सूर हलवायचा ट्रेमोलोचा दांडा दाबून सोडला की सूर जागेवर परत येत नाही. आणि मधीच आवाज एकदम दबून जाते, मग व्हॉल्यूम फिरवा का टोन, काहीच फरक पडत नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणते, ही गिटार अशीच राहते. १४ एप्रिलला विहारासमोर कार्यक्रम आहे, बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड अन् मी. गहू काढणं चालू आहे, नागपूरला चक्कर मारायला सवड नाही. घरच्या घरी काय करता येते तेवढं लवकर सांगा.

सूर_जुळारी (नागपूर)
भाऊ, अर्धीच माहिती देऊन राहिला तू. कंपनी कोणती? तारांचा गेज म्हणजे जाडी किती? सॅडल कसे आहेत, बारीक आटे पाडलेल्या नळीसारखे का साधे? वाजवतो कशावर? याच्याशिवाय कोणी काय सांगणार?

काळी_माती
फेंडर कंपनीची नाही, तशीच दिसणारी स्वस्तातली आहे. कंपनीनं काय फरक पडते? तारा दुकानातून आल्या त्याच आहेत, हाताला पातळ लागतात. सॅडल आट्याचेच आहेत. अ‍ॅम्प नाही, मंडपवाल्याच्या मशीनला माइकच्या जागी जॅक लावतो. फोटो टाकत होतो, नेट चालत नाही.

लाल_चहा (वर्धा)
ट्रेमोलो लॉक करून टाक अन् वाजव. पुलाजवळ हात जड ठेवू नको. कार्यक्रम निभून जाते.

काळी_माती
दांडाच हलवायचा नसता तर साधी गिटार नसती का घेतली? तो हेलकावा पाहिजे म्हणूनच ही घेतली.

जुनी_फ्रेट (पुणे)
थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तुमचा प्रश्न या गिटारच्या घडणीतच आहे. फेंडरने जॅझमास्टर १९५८ साली काढली ती जॅझ वाजवणाऱ्यांसाठी. त्यांनी ती फारशी जवळ केली नाही, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ बँडनी मात्र उचलून धरली. १९६२ मध्ये जॅग्वार आली. दोन्ही दिसायला बहिणी, पण जॅझमास्टरचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच आणि जॅग्वारचं २४ इंच. त्यामुळे आधी नटपासून (नेकच्या म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (मानेवरची धातूची आडवी पट्टी) मोजा. पाऊणे तेरा इंच भरलं तर जॅझमास्टर, बारा भरलं तर जॅग्वारचं माप. आखूड स्केलवर तीच तार सैल राहते, म्हणून तार कोणती घ्यायची ते या मापावर ठरतं. दुकानदार जॅझमास्टर म्हणाला म्हणून ती जॅझमास्टरच असेल असं धरून चालू नका.

काळी_माती
पाऊणे तेरा. आता?

खुंटी_पिळणारा (अकोला)
आता मी सांगतो, शांतपणे वाच. अशा गिटारी माझ्याकडे दुरुस्तीला येत असतात अन् दहातल्या नऊ जणांची तक्रार हीच असते.

या डिझाइनमध्ये शेपटीचा भाग, जिथं तारांची मागची टोकं अडकतात तो, ब्रिजपासून लांब आहे. त्यामुळे तार ब्रिजवरून मागे जाताना फार कमी कोनात खाली उतरते, म्हणजे सॅडलवर तिचा दाब कमी पडते. ज्या काळात हे बनलं त्या काळी तारा जाड असत, त्यामुळे चालून जायचं. आज दुकानवाले ९-४२ च्या (सगळ्यात बारीक अन् सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) तारा लावून देतात, बोटाला सोप्या म्हणून. पातळ तारेला ताण कमी, दाब आणखी कमी. जोरात मारलं की ती एका आट्यातून उडून दुसऱ्यात जाऊन बसणारच.

म्हणून पहिलं काम, ११-४९ चा संच आण. जाड तार नटच्या खाचेत दाटून बसत असेल तर जुन्या तारेला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून खाच हलक्या हातानं रुंद कर. खोल करायची नाही, नाहीतर तार फ्रेटला लागून झणझणते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घास, सूर परत न येण्याचं अर्धं दुखणं तिथंच राहते.

दुसरं काम स्प्रिंगचं. जाड तारांचा ओढा जास्त, म्हणून ट्रेमोलोच्या पत्र्यावरचा मोठा स्क्रू थोडा कसावा लागेल. सगळ्या तारा सुरात असताना लॉकचं बटण सहज सरकलं पाहिजे अन् सरकवल्यावरही सूर हलला नाही पाहिजे. तेवढं जमलं म्हणजे ताण बरोबर. मग भर कार्यक्रमात एखादी तार तुटली तरी लॉक लाव, बाकीच्या पाच सुरात राहतात. वर लाल_चहा यांनी लॉक लावून वाजव म्हटलं, पण लॉक त्या कामासाठी दिलेलं नाही.

तिसरं, ब्रिज दोन पायांवर मुद्दाम डुलता ठेवलेला असते. दांडा दाबला की तारांसोबत तो पुढे झुकते अन् परत येते. तो एका बाजूला टेकून बसला असेल तर हातानं सरळ उभा कर.

पाना_पकड (अमरावती)
डुलता ब्रिज म्हणजेच डोक्याला ताप. मी पायांना टेप गुंडाळून घट्ट बसवला, वर्ष झालं, त्रास नाही. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे फेंडरच्याच मस्टँग गिटारचा ब्रिज घाल. त्याच्या सॅडलला एकेकच खोल खाच असते, तार जागची हलूच शकत नाही.

खुंटी_पिळणारा
मस्टँगचा ब्रिज चांगला, मान्य आहे. पण तो ऑनलाइन मागवून दारव्ह्याला पोहोचेपर्यंत कार्यक्रम होऊन जाईल. अन् स्वस्त कॉपीत ब्रिजच्या पायाची भोकं त्याच मापाची असतील याचा भरवसा नाही. टेपचं म्हणाल तर ब्रिज जाम केला की दांडा वापरताना तार सॅडलवर घासत राहते अन् सूर आणखी हलते. तुम्ही दांडा किती वापरता?

पाना_पकड
कमीच वापरतो. पण माझी गिटार सुरात राहते, हे खरं आहे.

सूर_जुळारी
दोघंही नेकच्या पट्टीचं का सांगत नाही? नेकचे चार स्क्रू सैल करून खोबणीत ब्रिजकडच्या टोकाला पातळ पट्टी घातली की नेक जरासा मागे कलते. मग तारा फ्रेटला टेकू नये म्हणून ब्रिज उचलावा लागते. ब्रिज उचलला की मागचा कोन वाढते अन् तार दाबून बसते. व्हिजिटिंग कार्ड दुहेरी घडी करून घातलं तरी फरक कळते. तारा आधी सैल कर, मगच स्क्रूला हात लाव.

खुंटी_पिळणारा
कार्ड एका टोकाला घातलं तर मधे पोकळी राहते. काही नेक मग शेवटच्या फ्रेटांपाशी उचलून धरतात. पूर्ण खोबणीभर उतरती लाकडी पट्टी घासून घालावी, फेंडरवाल्या मिस्त्रींसारखी.

सूर_जुळारी
जुन्या फेंडर गिटारींमध्ये कारखान्यातूनच कागदी पुठ्ठ्यासारख्या तुकड्याची पट्टी निघते. पंधरा दिवसांवर कार्यक्रम आहे, पोराला सुतारकाम कशाला सांगता?

खुंटी_पिळणारा
बरं, सध्या कार्ड चालेल. पण आधी तारा बदलून पाहा. त्यानंच भागलं तर नेक उघडायचंच नाही.

ढोलकी_ते_ड्रम (हिंगणघाट)
मीही अशा कार्यक्रमांत वाजवतो. बेंजोच्या तारा का लावत नाही? कुठंही मिळतात, स्वस्त अन् मजबूत.

खुंटी_पिळणारा
नको. बेंजोच्या तारा साध्या पोलादी, त्याच्या मापानं बनवलेल्या असतात. गिटारला खालच्या सुरांना गुंडाळीची तार लागते. लावून पाहू नको, भाऊ.

मीरा_पॉट_सोल्डर (नागपूर)
तिसऱ्या तक्रारीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. आवाज दबतो आणि व्हॉल्यूम चालत नाही. भाऊ, गिटारच्या वरच्या शिंगाजवळ एक छोटं सरकतं बटण आणि बाजूला दोन दातेरी चाकं आहेत का?

काळी_माती
हो ताई, आहेत. ते शोभेसाठी आहे असं दुकानदार म्हणाला होता.

मीरा_पॉट_सोल्डर
शोभेसाठी मुळीच नाही. तो वेगळा रिदम सर्किट आहे. बटण वर गेलं की फक्त नेककडचा पिकअप (तारेचा कंप पकडणारा भाग) चालू राहतो, खालचे व्हॉल्यूम-टोन बाजूला पडतात आणि ती दोन चाकं काम करतात. तिथला टोन पॉट (चाकाखालचा फिरता रोध) ५० किलोओहमचा असतो, म्हणून आवाज मुद्दाम मऊ आणि गडद येतो. जोरात हात फिरवताना तुमचा पंजा त्या बटणाला लागत असेल. सर्फसाठी ते खालीच ठेवा. घड्याळवाल्याकडून बटणाखाली पातळ रबर लावून घ्या, चुकून सरकणार नाही. पॉट बदलायची गरज नाही.

आता मशीनचं सांगते. या गिटारीत १ मेगाओहमचे पॉट असतात आणि पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. माइकच्या इनपुटला तो थेट दिला की त्याची धार मरते, वरचे सूर गायब होतात. मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटला जुळवून देणारी डबी) लावा, किंवा बफर (सिग्नल कमजोर न होऊ देणारा सर्किट) असलेला कोणताही पेडल चालू ठेवून त्यातून न्या. यानंच निम्मा आवाज बदलेल.

काळी_माती
बटण खाली केलं, व्हॉल्यूम चालू लागला ताई. लय धन्यवाद. पण घरी सारखी घूं होते, पाय जमिनीवरून उचलला की वाढते. तारेला हात लावला की कमी होते.

मीरा_पॉट_सोल्डर
हात लावल्यावर कमी होते म्हणजे गिटारची आतली अर्थ वायर जोडलेली आहे, ते चांगलं. दोन्ही पिकअप एकत्र चालू करून पाहा. या गिटारीत एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या उलट असते, त्यामुळे मधल्या जागी घूं बरीच मरते. तुमच्या कॉपीतही तसंच असेल तर लगेच कळेल.

विहिरीवरची_मोटर (पुसद)
घरच्या अर्थिंगचं बघा. खेड्यात बऱ्याच घरी तिसरी पिन नुसती दिसायला असते. पत्रा, कोळसा, मीठ घालून खड्डा केलेला असेल तर उन्हाळ्यात तो कोरडा पडते, त्यात पाणी ओतत राहावं लागते. वायरमनला बोलावून तपासून घे. हे आवाजासाठीच नाही, जीवासाठी. हातात धातूच्या तारा अन् तोंडासमोर माइक, करंट उतरला तर गंमत नाही. अन् लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असशील तर साधा इन्व्हर्टर चौकोनी लहर देते, त्यानंही घरघर येते.

नवखा_बाप (काटोल)
माझी मुलगी आठवीत आहे, तिला गिटार शिकायची आहे. आधी अकूस्टिक घ्यावी का इलेक्ट्रिक?

लाल_चहा
नायलॉन तारांची घ्या दादा, बोटं कमी दुखतात.

पाना_पकड
इलेक्ट्रिकच घ्या, तारा पातळ असतात.

सूर_जुळारी
दादा, वेगळा धागा काढा, तिथं सविस्तर सांगतो. काळी_माती, गिटार घरात कुठं ठेवतो? कूलर लावला का?

काळी_माती
होळी झाल्यावरच लावला. गिटार त्याच खोलीत भिंतीला टेकवून असते. का?

सूर_जुळारी
म्हणूनच विचारलं. दिवसभर कूलरची ओली हवा, रात्री बंद, परत दुपारी कोरडा तवा. लाकूड फुगते-आकसते अन् नेक हलते, मग आज लावलेली अ‍ॅक्शन (तारांची उंची) परवा बदलते. कूलरच्या झोतात ठेवू नको, पिशवीत घालून आतल्या खोलीत ठेव. तारा बदलल्यावर दोन दिवस थांब, मग पहिला अन् शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघ. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी हवी. जास्त असली तर नेकमधली ट्रस रॉड (नेकचा बाक सांभाळणारी सळई) पाव आटा कस, अन् पुन्हा बघ. पाव आट्याच्या वर एका वेळी जायचं नाही.

जुनी_फ्रेट
अवांतर आहे, पण बेंजोसोबत वाजवणार म्हणालात म्हणून लिहितो. डिक डेलला सर्फ गिटारचा राजा म्हणत. तो डावखुरा होता, स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा आणि तारा फार जाड लावायचा. त्याच्या वडिलांचं घराणं लेबनानचं. एकाच तारेवर खालीवर झपाझप आघात करत सूर लांबवायचा हा त्याचा हात, आणि तुमचा बेंजोवालाही एका पट्टीवर तेच करतो. दोघांनी एकच ओळ, एकाने वरच्या सप्तकात आणि एकाने खालच्या जाड तारांवर वाजवली तर फार देखणं होईल. भीमगीतांच्या चाली चढ्या लयीच्या असतात, त्यांना हे शोभतं.

ढोलकी_ते_ड्रम
हे बरोबर बोलले. आमच्याकडे बेंजो अन् गिटार एकच ओळ वाजवतात तेव्हा लोक उभे राहतात. मशीनवाल्याला इको बंद ठेवायला सांग मात्र, दोन्हीचा चिखल होते.

काळी_माती
अपडेट देतो. ११-४९ यवतमाळात मिळाल्या नाहीत, चुलतभावानं अमरावतीहून एसटीच्या पार्सलनं पाठवल्या. लावल्या. सहावी तार आता जोरात मारली तरी जागेवर राहते. नेक उघडला नाही. स्प्रिंगचा स्क्रू कसला, लॉक सरकते अन् सूर तिथंच राहते. दांडा दाबून सोडला की पाच तारा बरोबर येतात, तिसरी थोडी वर राहते. ब्रिजवरचे बारीक स्क्रू मात्र वाजवता वाजवता खाली उतरतात, तार फ्रेटला लागते.

खुंटी_पिळणारा
तिसऱ्या तारेच्या नट-खाचेत आणखी शिसं घास, तिथंच अडकत असेल. सॅडलच्या स्क्रूंना पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब लाव, वाळू दे, मग हलत नाहीत. अन् आधी ब्रिजचे दोन पाय बारीक अ‍ॅलन कीनं उचल म्हणजे सॅडलचे स्क्रू फार वर चढवावे लागणार नाहीत. जेवढे कमी उघडे तेवढे कमी थरथरतात.

काळी_माती
बहिणीची नेलपॉलिश आहे, आज लावतो. वायरमन उद्या येतो म्हणाला. रिव्हर्बचं (घुमणाऱ्या आवाजाचं) राहिलं. सर्फचा तो ओला आवाज मशीनच्या इकोनं येत नाही.

मीरा_पॉट_सोल्डर
येणारही नाही. तो स्प्रिंगचा रिव्हर्ब आहे, फेंडरने १९६१ साली त्यासाठी वेगळी पेटीच काढली होती. तुम्ही कोणताही डिजिटल रिव्हर्ब पेडल घ्या ज्यात स्प्रिंग हा प्रकार आहे, आणि त्यातून मशीनला जा. बफर असलेला मिळाला तर डीआयचंही काम त्यातच भागेल. मिक्स अर्ध्यावर, डिके (घुमणं रेंगाळण्याचा वेळ) कमी ठेवा. माझ्याकडे एक पडून आहे, १४ तारखेपर्यंत घेऊन जा. नागपूरहून दारव्ह्याकडे कोणी येत असेल तर कळवा, त्यांच्या हाती देते.

काळी_माती
गावातला एक मुलगा नागपूरला शिकतो, तो शनिवारी येते. त्याला तुमच्याकडे पाठवतो ताई, खासगीत पत्ता द्या. पेडलसोबत ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे का तेही सांगा, नाहीतर मी इथून घेतो.

मीरा_पॉट_सोल्डर
आहे. मधली पिन निगेटिव्ह आहे, दुसरा लावू नका.