डाळिंबासाठी ओलावा मोजणारे यंत्र घ्यायचे आहे, 15,000 रुपयांपर्यंतचे सुचवा

माणकाठचा_शेतकरी
नमस्कार. सांगोला तालुक्यात आमची तीन एकर भगव्या डाळिंबाची बाग आहे. 15 बाय 10 फुटांवर साधारण 870 झाडे असून जमीन हलकी, मुरमाड आहे आणि प्रत्येक झाडाला ताशी 4 लिटरचे चार ड्रिपर आहेत. पाणी 45 फुटी विहिरीचे आणि 180 फुटी बोअरचे. मागच्या हस्त बहारात (पावसाळ्याअखेर धरलेल्या फुलोऱ्यात) ताण तोडल्यानंतर, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेले पाणी पुन्हा सुरू केल्यावर, पाण्याचा मेळ बसला नाही, बरीच फळे तडकली आणि मार्चअखेर विहिरीने तळ गाठला. या वर्षी अंदाजाने पाणी न देता मोजून द्यायचे ठरवले आहे. 15,000 रुपयांच्या आत कोणते यंत्र घ्यावे?

द्राक्षवेल
आम्ही निफाड भागात चार एकर द्राक्षाला संपूर्ण स्वयंचलित संच बसवला आहे. त्यात हवामान केंद्र, दोन खोलींवरचे ओलावा सेन्सर, पानांचा ओलेपणा मोजणारा सेन्सर आणि मोबाईलवरून उघडणारे व्हॉल्व्ह आहेत. खर्च लाखाच्या बराच वर गेला, पण फवारण्यांचा निर्णयही आता त्याच आकडेवारीवर होतो. थोडे कर्ज काढावे लागले तरी पूर्ण संचच घ्यावा, कारण अर्धवट वस्तू घेतली की दोन वर्षांनी पुन्हा पैसे घालावे लागतात.

काळी_माती
मर्यादा 15,000 सांगितली आहे, त्यामुळे लाखाचा सल्ला येथे उपयोगी नाही. टेन्शियोमीटर घ्यावा. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र चिनी मातीचे टोक आणि वर दाबमापक, एवढेच ते यंत्र. माती सुकू लागली की टोकातून पाणी ओढले जाते आणि काटा चढतो. त्याला बॅटरी लागत नाही आणि मोबाईलची रेंजही लागत नाही. मात्र माझा अनुभव सांगणे आवश्यक आहे. आमच्या काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये भेगा पडल्या आणि टोकाचा मातीशी संपर्क सुटला. काटा शून्यावर आला आणि जमीन ओली आहे असे समजून मी आठवडाभर पाणी दिले नाही. नळीतील पाणी निम्म्यावर उतरलेले दिसले तेव्हा चूक उमगली.

हस्त_बहार
मुरमाड जमिनीतही संपर्काचीच अडचण येते, फक्त कारण वेगळे असते. सेन्सरच्या बाजूला खडा आला की तेथे हवेची पोकळी राहते आणि आकडा खोटा येतो. त्याच खड्ड्यातील माती चाळून पाण्यात कालवावी, तो गारा भोकात ओतावा आणि मग सेन्सर बसवावा. जागा ड्रिपरच्या अगदी खाली नको. वीतभर बाजूला, मुळ्या जेथे दाट आहेत तेथे असावी. आणखी एक गोष्ट म्हणजे बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर स्वस्त विद्युत सेन्सर क्षारांमुळे ओलावा जास्त दाखवतात. त्यामुळे आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी.

बांधावरून
आमच्या वडिलांनी मूठभर माती दाबून चाळीस वर्षे बागा पिकवल्या. यंत्रापेक्षा बोअर 400 फुटांपर्यंत खोल घ्या, प्रश्नच मिटेल.

जलताळेबंद
प्रश्न मिटणार नाही. 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटर किंवा त्याहून खोल विहिरी शेतीसाठी घेण्यास मनाई आहे, आणि 400 फूट म्हणजे 120 मीटरच्या वर झाले. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असते. खोल गेले म्हणजे पाणी लागतेच असे नाही.

बांधावरून
कायदा आम्हालाच का दाखवता? ज्यांचा ऊस उभा आहे त्यांना आधी विचारा. आमच्याकडे वीज रात्री येते, साप-विंचवाच्या अंधारात कोण काटा वाचायला जाणार?

द्राक्षवेल
म्हणूनच मोबाईलवरचे व्हॉल्व्ह घ्या असे मी आधीच सांगितले होते.

काळी_माती
टेन्शियोमीटर सकाळी वाचायचा असतो, रात्री नव्हे. चर्चा यंत्रावरच ठेवावी ही विनंती.

आकडेमोड
यंत्राशिवायही बराच पल्ला गाठता येतो. दिवसाचे बाष्पीभवन आणि पिकाचा गुणांक (बाष्पीभवनाच्या मानाने पिकाला किती पाणी लागते तो आकडा) यांवरून गरज काढता येते. उदाहरणादाखल, बाष्पीभवन 6 मिलिमीटर, गुणांक 0.7, एका झाडाच्या वाट्याची जागा 14 चौरस मीटर आणि सावली निम्म्या जागेवर धरली, तर झाडाला रोज सुमारे 29 लिटर पाणी लागते. तुमचे चार ड्रिपर तासाला 16 लिटर देतात, म्हणजे पावणेदोन तासांच्या थोडे वर. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी घ्याव्यात आणि गुणांक सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून घ्यावा, कारण तो झाडाच्या वयानुसार आणि बहाराच्या अवस्थेनुसार बदलतो. ताणाच्या काळात मात्र हे गणित बाजूला ठेवावे लागते.

हस्त_बहार
सहमत. मात्र ड्रिपर चोंदले असतील तर 4 लिटरचे अडीच होतात. त्यामुळे डबा लावून दहा ठिकाणचे पाणी आधी मोजा.

जलताळेबंद
माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. आमच्या जालना जिल्ह्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आयआयटीने विकसित केलेल्या पद्धतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला गेला. त्यानंतरही मी शेजारी पाहिले की ठिबकने वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी एक एकर बाग उभी राहिली आणि विहीर पूर्वीइतकीच लवकर आटली. ओलाव्याचा सेन्सर झाडाची गरज सांगतो. विहिरीतून एकूण किती उपसा झाला हे तो सांगत नाही. हिवरे बाजार गावात पाऊस मोजून ग्रामसभा पिके ठरवते, तेथे आधी पाण्याची बेरीज होते. विहिरीत दर पंधरवड्याला टेप सोडून पातळी लिहावी. टेपला खडू फासला की ओली रेघ स्पष्ट दिसते.

नवी_बाग
मीही हेच विचारणार होतो. टेन्शियोमीटर चांगला असतो असे ऐकले आहे.

माणकाठचा_शेतकरी
सर्वांचे मनापासून आभार. काल दहा ड्रिपर मोजले, त्यांपैकी तीन निम्मेच पाणी देत होते. तडकलेल्या फळांचा पट्टाही त्याच ओळींत होता. त्यामुळे या हंगामात ओलाव्याचे कोणतेच यंत्र घेत नाही. विहीर आणि बोअर यांच्या एकत्र पाइपवर दोन इंची पाणीमीटर बसवतो आणि उरलेल्या पैशांत लॅटरल (ड्रिपर असलेल्या ठिबकच्या नळ्या) बदलतो. शेजारच्या चुलत्यांची विहीर आमच्यापासून दोनशे फुटांवर आहे. ते टेपने पातळी लिहायला तयार झाले आहेत; दोघांच्या नोंदी एकाच वहीत राहतील. त्यांनी यंदा नवी लागण करू नये एवढे मात्र अजून पटवता आलेले नाही.

काळी_माती
टेन्शियोमीटर घेतला असता तर बरे झाले असते, पण मीटर बसवणारच असाल तर तो फिल्टरनंतर बसवा आणि त्याच्या आधी किमान वीस इंच पाइप सरळ ठेवा. पाइपच्या वळणाला लागून बसवला तर आकडा चुकतो.