'कल्चर शॉक'ला मराठीत धक्काच म्हणायचं का?

समासातली रेघ
जर्मनीत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीचं एक माहितीपत्रक मराठीत आणतेय. पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करा, रविवारी दुकानं बंद असतात, रात्री दहानंतर आवाज नको, बाटल्यांची अनामत परत मिळते, इथपर्यंत सुरळीत झालं. अडलं ते एका उपशीर्षकापाशी. मूळ शब्द 'कुल्टुअरशॉक'. मी लिहिलं 'सांस्कृतिक धक्का'. मजकूर तपासणाऱ्या काकू इथे कैक वर्षं राहिलेल्या. त्यांनी ते खोडून बाजूला लिहिलं, "धक्का कसला? पहिला हिवाळा मी मजेत काढला. रडू आलं ते उन्हाळ्यात, बेकरीच्या रांगेत, काहीही कारण नसताना." आता त्याला काय म्हणू? शुक्रवारी मजकूर छापायला जातोय.

खडूफळा
काकूंना माहीत नसेल, पण ज्याने हा शब्द गाजवला तो त्यांच्याच बाजूने आहे. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ द जानेरोत यावर भाषण दिलं, ते 1960 मध्ये लेख म्हणून छापलं गेलं. आधी सगळं गोड वाटण्याचा काळ, मग चिडचिड नि घुसमट, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी रुळणं, असे टप्पे त्याने मांडले. म्हणजे 'शॉक' म्हटलं तरी वर्णन दीर्घ दुखण्याचं आहे. कुणाला कधी हात पुढे करायचा, कधी 'नको' म्हणायचं, कुठलं बोलणं मनावर घ्यायचं, अशा रोजच्या शेकडो खुणा हरवतात आणि त्याने माणूस आतून खंगतो, असं त्याचं म्हणणं. परदेशी पाठवलेल्या लोकांचा हा धंद्यातला रोगच आहे, असंही तो म्हणतो.

घाटमाथा
रोगच म्हणताय तर शब्द तयार आहे की! *पाणी लागणं.* नव्या मुलखात गेलेल्या माणसाला पाणी लागतं. एका घोटात नाही लागत, काही दिवसांनी पोट बोलतं. काकूंना जर्मनीचं पाणी लागलं, फक्त पोटाऐवजी डोळ्यांतून आलं.

शुद्धमती
विनोद म्हणून ठीक. पण पत्रकात 'पाणी लागणे' छापलंत तर लोक नळाचं पाणी उकळायला घेतील. तिथलं नळाचं पाणी तर उत्तम असतं. 'न मानवणे' का चालू नये? हवा मानवत नाही, तसा देश मानवत नाही. उपशीर्षक 'परदेश न मानवणे'. शुद्ध मराठी, आणि कोणालाही कळेल.

नावेतला
'धक्का' इतक्या सहज सोडू नका. बंदरात जहाज लागतं त्यालाही आपण धक्काच म्हणतो. परक्या किनाऱ्याला लागल्याशिवाय संस्कृती कळणार कशी? माझ्या मते दोन्ही अर्थ आतून जोडलेले आहेत.

शुद्धमती
नावेतले, हे सुंदर आहे आणि बहुतेक खोटं आहे.

रानवाट
मला 'बुजणं' आठवतं. बैल बुजतो, घोडं बुजतं, नवीन घरात लहान मूल बुजतं. रागही नाही, दुःखही नाही, फक्त पाऊल पुढे पडत नाही. तिकडे गेलेल्या आमच्या एका मित्राचं अगदी हेच झालं होतं. इमारतीतले सगळे जिन्यात भेटले की 'हालो' म्हणत, पण कुणी घरात बोलवेना. त्याला वाटलं आपलं काही चुकलं. तसं काही नव्हतं. तिथे 'कधीही या' म्हणत नाहीत, तारीख आणि वेळ ठरवून बोलावतात, बोलावलं की मनापासून बोलावतात. दरम्यान हा बुजून बसला होता. आणि त्याने एका सहकाऱ्याला वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीच शुभेच्छा दिल्या! समोरचा पांढराफटक. आधी शुभेच्छा देणं तिथे अशुभ मानतात.

समासातली रेघ
वाढदिवसाचं पत्रकात आहे :) केकसुद्धा ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा, हेही. पण 'बुजणं' शीर्षकात कसं बसवू? 'सांस्कृतिक बुजणे'?

खडूफळा
'सांस्कृतिक' काढून टाका, निम्मी अडचण तिथेच आहे. चिडचिड संस्कृतीमुळे होत नाही हो. रविवारी काचेच्या बाटल्या कुंडीत टाकल्या म्हणून वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी उघडून ओरडतं, तेव्हा होते. तेही बिचारे मनचं ओरडत नाहीत. रविवारची विश्रांती 1919 च्या वायमार संविधानात होती, आणि 1949 च्या मूलभूत कायद्याने, म्हणजे जर्मनीच्या आजच्या संविधानाने, ते कलम जसंच्या तसं आत घेतलं.

दोन अहो
माझं दुखणं वेगळंच होतं: 'डू' आणि 'झी'. मला वाटलं, अरे-तुरे आणि अहो-जाहो, त्यात काय अवघड! पण आपलं अहो एका बाजूचं असतं. आजोबांना मी अहो, ते मला अरे. तिथे झी दोन्हीकडून. बँकेतला पांढऱ्या केसांचा माणूस माझ्या वयाच्या पोरालाही झी म्हणतो. आणि डू द्यायचा तो मोठ्याने देऊ करायचा, धाकट्याने मागायचा नाही.

घाटमाथा
देवाला मात्र तेही डूच म्हणतात. आपणही विठ्ठलाला अहो म्हणत नाही. इथे तरी पाणी लागत नाही म्हणायचं.

दोन अहो
आणि वडिलांना? आमच्याकडे वडिलांना अहो, आईला अगं. तिकडे दोघांनाही डू. माझ्या बायकोने सासऱ्यांना जर्मनमध्ये हाक मारताना झी म्हटलं. पोरं अजून हसतात.

शुद्धमती
मूळ प्रश्न काय होता, कुणाला आठवतंय का?

रानवाट
'रुळणं' हा शब्द कुठून आला, यावर आधी बोलू. रुळावरून घसरलेली गाडी रुळावर येते, तेच रुळणं ना?

शुद्धमती
अजिबात नाही. रेल्वे 1853 ची. त्याआधी गळ्यात माळा रुळत नव्हत्या? वाटा रुळलेल्या नव्हत्या? लोखंडी रूळ परका, आपलं रुळणं घरचं.

काळा_चहा
एक विचारू? पत्रकात 'एक्स्पॅट कुटुंबांसाठी' असं लिहिलंय का? कारण माझं सगळं भांडण त्या शब्दाशी आहे. इंजिनियर गेला की एक्स्पॅट, गवंडी गेला की स्थलांतरित.

समासातली रेघ
'परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी' आहे. एक्स्पॅट मूळ मजकुरातही नव्हता.

काळा_चहा
उत्तम. 1 मार्च 2020 पासून लागू झालेल्या जर्मन कायद्याच्या नावातच 'कुशल कामगारांचं स्थलांतर' आहे. निळं कार्डवालेही, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय परवाना असलेलेही, त्यातच. तिथे राहण्याच्या परवान्यासाठी ज्या कचेरीत जावं लागतं तिचं नाव 'परकीयांचं कार्यालय'. कायदा एक्स्पॅट म्हणत नाही, आपणच आपल्याला म्हणवून घेतो.

शुद्धमती
'परदेशस्थ' शब्द जड आहे.

काळा_चहा
जड असू दे. खरा आहे.

नावेतला
'उपरा' का नको?

दोन अहो
उपरा स्वतःला म्हणता येतं, पत्रकाने वाचणाऱ्याला म्हणायचं नाही.

खडूफळा
विषय निघालाच आहे तर, 'फायरआबेंड'ला काय म्हणाल? दिवसाचं काम संपलं, आता बॉसचा फोन आला तरी घेणार नाही, ती वेळ. 'संध्याकाळ' अपुरा, 'सुट्टी' चुकीचा.

घाटमाथा
'सुटणं'. शाळा सुटते, गिरणी सुटते, तसं ऑफिस सुटतं.

शुद्धमती
ते क्रियापद झालं. नाम द्या.