नवख्यांना डॅश वाय शिकवणं बंद करा

खडूफळा:
काल इथे एकाने लिनक्सवर नवीन आलेल्या लोकांसाठी टर्मिनलमध्ये टाइप करायच्या कमांडची यादी टाकली. सॉफ्टवेअर हवं तर ॲप्ट इन्स्टॉल, नको तर ॲप्ट रिमूव्ह, आणि दोन्हीला डॅश वाय (सगळ्याला आधीच हो) चिकटवा म्हणजे "ते प्रश्न विचारत बसत नाही". वाचून डोकंच फिरलं. अहो, तो प्रश्न येतो त्याच्या वर काय काय जाणार त्याची नावानिशी यादी असते, तीच तर वाचायची असते! आमच्या ऑफिसात एका मुलाला पायथनचं नवीन व्हर्जन हवं होतं म्हणून त्याने आधी सिस्टिमचं पायथन ३ काढलं, डॅश वाय लावून, आणि त्याच्यावर अवलंबून असलेला अख्खा डेस्कटॉप गेला. रीस्टार्ट केल्यावर काळा पडदा आणि लॉगिन. मग वार लॉग (/var/log) फोल्डरमधल्या ॲप्टच्या हिस्टरी फाइलमध्ये काय उडालं ते बघून एकेक परत टाकत बसलो.

रात्रपाळी:
डॅश वाय नाही तर स्क्रिप्ट (आपोआप चालणारी कमांडची फाइल) चालणार कशी? मध्यरात्री उठून वाय दाबायला कोण येणार? मी वर्षानुवर्षं लावतोय, काही बिघडलं नाही. एका पोराने चूक केली म्हणून सगळ्यांना शिक्षा कशाला.

खडूफळा:
स्क्रिप्टबद्दल बोललोच नाही मी. तुम्ही आधी डॅश एस लावून काय होणार ते नुसतं बघून घेता, मग स्क्रिप्टमध्ये घालता. आणि तिथे ॲप्ट-गेट (ॲप्टचं जुनं, स्क्रिप्टला चालणारं रूप) वापरता ना? नुसतं ॲप्ट स्क्रिप्टमध्ये घातलं तर ते स्वतःच वॉर्निंग देतं.

सरळमार्गी:
प्रश्न विचारून काय होतं? २०२१ मध्ये यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर (लिनक्सचाच एक प्रकार) स्टीम हे गेमचं ॲप टाकायला गेला, ॲप्टने धोक्याची सूचना दिली, पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं, त्याने केलं आणि डेस्कटॉप गेला. कोणी वाचत नाही हो. नवख्यांना टर्मिनल देऊच नका, ॲप स्टोअर द्या.

खडूफळा:
अर्धीच गोष्ट सांगताय. त्याने आधी स्टोअरमधूनच प्रयत्न केला होता, तिथे जमलं नाही म्हणून टर्मिनलवर आला. चूक पॅकेजच्या डिपेंडन्सीत (त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसच्या नोंदीत) होती. वाचलं नाही हे मात्र खरं, तेवढं देतो तुम्हाला.

मुळापासून:
स्टोअर म्हणजे स्नॅप (उबुंटू लिनक्सची ॲप टाकायची वेगळी पद्धत) ना? उबुंटू २२.०४ पासून ॲप्ट इन्स्टॉल फायरफॉक्स मारलं तरी स्नॅपच येतं! मी एक मागतो आणि मशीन दुसरंच देतं, हे कसं चालतं तुम्हाला?

सरळमार्गी:
ते मोझिलाकडून थेट येतं, अपडेट लवकर मिळतात, ब्राउझर बाकीच्या सिस्टिमपासून वेगळा राहतो. नव्या माणसाला अजून काय हवं? तुमची चीड जुन्या सवयीची आहे.

मुळापासून:
सवय नाही, हक्क आहे. काढून बघा एकदा. स्नॅप रिमूव्ह मारलं तरी डेटाचा स्नॅपशॉट (जपलेली प्रत) ३१ दिवस डिस्कवर ठेवतं, पर्ज (पूर्ण पुसून टाक) लावलं नाही तर. जागा कमी पडली म्हणून काढायला गेलो आणि जागा सुटेचना, कारण शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

रात्रपाळी:
अहो मग ॲप्ट तरी कुठे सगळं काढतं? रिमूव्हने ईटीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली तशाच राहतात, ॲप्टच्या खाली चालणाऱ्या डीपीकेजीच्या लिस्टमध्ये आरसी (काढलं, पण कॉन्फिग शिल्लक) दिसतं बघा. पर्ज मारलं तरी होम फोल्डरला हात लावत नाही. एकट्या स्नॅपला का झोडपता?

मुळापासून:
कॉन्फिग चार केबीची असते! तुलना तरी नीट करा. ज्याला स्वतःच्या मशीनवर काय आहे याची फिकीर नाही त्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

सरळमार्गी:
वैयक्तिक कशाला जाताय? काढलेला डेटा महिनाभर परत मिळतो म्हणून माझ्या बहिणीच्या नोट्स बचावल्या. तुम्हाला नको तर पर्ज लावा, सोय दिलेलीच आहे.

खडूफळा:
दोघांनाही सांगतो, काढण्याआधी मशीनने सांगितलं असतं की महिनाभर ठेवतोय, तर हे भांडणच झालं नसतं. विचारा आणि दाखवा, मी तेच म्हणतोय.

रात्रपाळी:
बरं, नवख्यांच्या यादीतून डॅश वाय काढा, तेवढं मान्य. माझ्या स्क्रिप्टना हात लावायचा नाही. आणि त्या यादीत ऑटोरिमूव्हपण (आता लागत नाहीत असं वाटणारी पॅकेजेस आपोआप काढणारी कमांड) आहे, त्याच्यापुढचं डॅश वाय सगळ्यात आधी काढा.