मदत हवी आहे : घाटात दामटलेली टर्बो स्पोर्ट्स कार किती टिकेल?

मंडळी नमस्कार, मुक्काम कोल्हापूर. गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा सहा गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. ७२,००० किमी झालेत. दर रविवारी पहाटे गगनबावडा, करूळ घाट उतरून परत वर. म्हणजे इंजिन बराच वेळ ४,००० आरपीएमच्या वर. पुढची पाच वर्षं हीच ठेवायची आहे.

ऑइल ५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक, १५,००० ऐवजी ७,५०० किमीला बदलतो. गिअरबॉक्स ऑइल आणि फिल्टर ६०,००० ला झाले. घाट संपला की शेवटचे ३-४ किमी सावकाश, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल जळत नाही.

खरी अडचण ब्रेकची. उतारावर सातआठ वळणांनंतर पेडल मऊ पडतं, थंड झालं की पुन्हा कडक. पॅड तापून फेड झाले (पकड गेली) असती तर पेडल कडकच राहून गाडी थांबली नसती. म्हणून संशय ब्रेक फ्लुइडवर, म्हणजे पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणाऱ्या द्रवावर; तो उकळला की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. डॉट ४ (माझ्या फ्लुइडची प्रत) नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि आपल्याकडचा पावसाळा माहीतच आहे! फ्लुइड तीन वर्षांचं आहे.

१) डॉट ५.१ भरावं, की चांगलं डॉट ४ दरवर्षी बदलावं?
२) इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन वॉलनट ब्लास्टिंगने (अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून) काढणारं कोल्हापूर-सांगलीत कोणी आहे का? पेट्रोलमध्ये टाकायचे क्लीनर सुचवू नका, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्या व्हॉल्व्हवर पडतच नाही.
३) वॉटर पंप, थर्मोस्टॅट गळायच्या आधीच बदलावेत का?