हात तेलात, स्क्रीन कूलंटमध्ये: एआर चष्मा आमच्या शॉपला खरंच चालेल का?

शिरोलीचा_सेटर
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचा. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, आबांनी उद्यमनगरात एका लेथवर सुरू केलेलं, आता तीन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीनं), दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ) आणि अकरा माणसं. फौंड्रीतनं कास्टिंग (ओतीव भाग) येतात, आम्ही बोअर, फेस, ड्रिल करून देतो, जास्त करून पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या. दीड वर्षापूर्वी मी कागदी ड्रॉईंग बंद केली आणि प्रत्येक मशीनला एक टॅबलेट लावला, मला वाटलं लई मोठं काम झालं. आता बघतोय तर ऑपरेटर त्याला हातच लावत नाहीत, कारण हात सारखे ओले, ओल्या बोटानं भलतंच बटण दाबलं जातं आणि ग्लोव्ह घातला तर काहीच दाबलं जात नाही. मागच्या महिन्यात रात्रपाळीला स्क्रीनवर कूलंट (कापताना मशीन थंड ठेवायचं पाणी) उडालं, पान आपोआप सरकलं आणि त्याच बॉडीच्या दुसऱ्या व्हेरियंटचं ड्रॉईंग समोर आलं. दिसायला दोन्ही सारख्याच. ६२.०० मिलीमीटरचा बोअर (आतलं भोक) ६२.५० झाला, चौदा बॉड्या भंगारात गेल्या. त्या ऑपरेटर पोराला मी काही बोललो नाही, त्याच्या जागी मी असतो तरी तेच झालं असतं.

आता एक जण एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटी, चष्म्याचा डेमो देऊन गेला. चष्मा घातला की ड्रॉईंगचे आकडे हवेत दिसतात, हात लावायचं काम नाही, नुसती बोटाची चिमूट केली की पुढचं पान. भिंतीकडं तोंड करून बघितलं तर एकदम झकास. पण व्हाइसवर (जॉब पकडायचा शिकंजा) वाकून जॉबकडं, म्हणजे चालू असलेल्या भागाकडं, बघितलं की आकडे धूसर व्हायचे, डोळ्यावर ताण यायचा. तो म्हणाला सवय होईल. मला सगळे सांगतात की पुढं स्क्रीन राहणारच नाही, सगळं चष्म्यात नाहीतर आवाजावर जाणार. खरंच तसं होणार असेल तर आत्ताच पैसे घालावेत की थांबावं? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलंय त्यांनी सांगा.

चाकण_ते_कोल्हापूर
भावा, मी मूळ कळंब्याचा, सध्या चाकणला मेंटेनन्सला आहे, आमच्याकडं मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा एआर चष्मा दोन वर्षं वापरला म्हणून सांगतो. तुला जे धूसर दिसलं ना ते सवयीनं जाणार नाही, तो चष्म्याचाच गुण आहे. जवळची वस्तू बघताना आपण दोन कामं एकदम करतो, दोन्ही डोळे आत वळवतो आणि डोळ्यातलं भिंग त्या अंतराला बसवतो. होलोलेन्ससारख्या चष्म्यात चित्राचं भिंगासाठीचं अंतर कायमचं २ मीटरच्या आसपास ठरलेलं असतं. आता तुझा जॉब डोळ्यापासून हातभर लांब, म्हणजे डोळे वळणार ४० सेंटीमीटरला आणि चित्र नीट दिसणार २ मीटरला, मग एकतर जॉब धूसर नाहीतर आकडे धूसर, आणि डोकं दुखणार ते वेगळंच. मायक्रोसॉफ्टनं स्वतःच सांगून ठेवलंय की चित्रं शक्यतो सव्वा ते पाच मीटरच्या पट्ट्यात ठेवा. आम्हाला तो भारी का पडला तर आम्ही पॅनलपासून दोन पावलं लांब उभं राहून बघायचो आणि दुसरीकडं बसलेला इंजिनिअर चष्म्याच्या कॅमेऱ्यातनं आमच्याच नजरेनं बघून वायर कुठली काढायची ते सांगायचा. व्हाइसवर वाकून काम करणाऱ्याचं गणितच वेगळं आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. लोकांना वाटतं एआर म्हणजे पोकेमॉन, २०१६ ला पोरं मोबाईल घेऊन फिरायची ते. पण ऑगमेंटेड रिअॅलिटी हा शब्दच कारखान्यातनं आलाय. १९९० च्या सुमारास बोइंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल काम करत होते, विमानाच्या वायरींचे जुडगे बांधायला मोठमोठे प्लायवूडचे बोर्ड लागायचे, प्रत्येक जुडग्याला वेगळा बोर्ड. त्यांचं म्हणणं, बोर्ड साधाच ठेवा आणि कुठली वायर कुठनं न्यायची ते कामगाराच्या डोळ्यासमोर दाखवा. म्हणजे तुझ्यासारख्याच माणसाची अडचण होती ती, त्यामुळं तू प्रश्न चुकीचा विचारलेला नाहीस.

पण पैसे घालताना जपून. गुगल ग्लासची कारखान्यासाठीची आवृत्ती २०२३ ला विकायची बंद झाली, होलोलेन्स २ ची किंमत ३५०० डॉलर होती आणि २०२४ ला त्याचंही उत्पादन थांबवलं. उद्या त्या डेमोवाल्याचा चष्मा बंद पडला तर सुट्टे पार्ट कुठनं आणणार हे आधी लिहून घे.

शिरोलीचा_सेटर
२ मीटरचं कुणीच सांगितलं नव्हतं राव. डेमोवाल्यानं भिंतीकडं का उभं केलं ते आत्ता कळालं.

रात्रपाळी_ऑपरेटर
मी मालक नाही, ऑपरेटर आहे, गोकुळ शिरगावला. आमच्यात असा कॅमेरावाला चष्मा पंधरा दिवस आणला होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मनात एकच, हा कॅमेरा जॉबकडं बघणार का माझ्याकडं. पाणी प्यायला किती वेळ गेलो, कुणाशी बोललो, सगळं कुठंतरी साठतंय असं वाटायला लागलं की माणूस मोकळ्या हातानं काम करत नाही. कुणी स्पष्ट सांगितलंच नाही की रेकॉर्डिंग कुठं जातं. आणि घाम लई येतो, एप्रिल-मे मध्ये शेडखाली सेफ्टी गॉगलवर अजून एक चष्मा चढवून आठ तास उभं राहून बघा. दादा, तुम्ही काहीही आणा पण आणायच्या आधी तुमच्या अकरा माणसांना एकदा बसवून विचारा.

पांढरी_काठी
मी मशीन शॉपमधली नाही, मला अजिबात दिसत नाही, कोल्हापुरातच नोकरी करते. पण स्क्रीनशिवाय यंत्र वापरणं ही तुमच्यासाठी पुढची गोष्ट असेल, मी रोज तेच करते म्हणून लिहितेय. माझ्या मोबाईलची स्क्रीन बॅटरी वाचवायला मी काळीच ठेवते, टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी मोबाईलमधली सोय) बोलतं आणि मी ऐकते, आणि त्याचा वेग एवढा वाढवलाय की शेजारच्याला नुसती गरगर ऐकू येते. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी हे अॅप आहे, २०२० ला आलं, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते सांगतं, इंटरनेटही लागत नाही. एसटी स्टँडवर रिक्षावाल्याला पैसे देताना किती आधार वाटतो ते मला विचारा.

आता तुमच्या कामाचं सांगते. आवाजाची एक मर्यादा आहे जी डोळस लोकांच्या लक्षात येत नाही. नजर एकदम सगळं पान बघते आणि हवं ते उचलते, आवाज मात्र एकामागनं एकच येतो. चाळीस मापांचं ड्रॉईंग कुणी वाचून दाखवायला लागलं तर तुमचा ऑपरेटर तिसऱ्या मापाला कंटाळेल. त्यामुळं अख्खं ड्रॉईंग आवाजावर नेऊ नका, त्या क्षणाला लागणारं एकच माप बोलू द्या. दुसरं, स्क्रीन काढायची म्हणजे लगेच बोलायलाच पाहिजे असं नाही, बोटाला कळणारी खूणही पुरते. जुन्या फोनच्या ५ च्या बटणावर एक बारीक टिंब असतं, त्या एका टिंबावर मी सगळे नंबर लावते. हल्ली दुकानात कार्डाची मशीनं सपाट काचेची येतात, पिन टाकायला मला दुसऱ्याला सांगावं लागतं, गुप्त आकडा मोठ्यानं सांगायचा म्हणजे काय ते कळतंय ना? बटणं होती तेव्हा मी माझी माझी टाकायची. काच सगळीकडं लावायच्या आधी आम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्ही निदान विचारताय म्हणून एवढं लिहिलं.

नववी_गल्ली_राजारामपुरी
ताईंनी लिहिलेलं दोनदा वाचलं. माझं एम्बेडेडचं, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम आहे, छोट्या शॉपना ऑटोमेशन करून देतो.

आधी टॅबलेटला काय झालं ते सांगतो. त्या काचेखाली विजेचं फील्ड असतं, बोट जवळ आलं की ते बदलतं आणि स्क्रीनला कळतं. पाण्यात कालवलेलं कूलंट वीज वाहतं म्हणून थेंबालाही स्क्रीन बोटच समजते, आणि ग्लोव्हचं रबर फील्ड अडवतं म्हणून दाबलेलं कळत नाही. म्हणजे चौदा बॉड्या गेल्या त्या या कारणानं.

स्क्रीनलेसच्या नावाखाली बाजारात बरंच येऊन गेलं. एमआयटीत संशोधन करणाऱ्या प्रणव मिस्त्रीनं २००९ ला सिक्स्थसेन्स दाखवलं होतं, गळ्यात छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा, बोटांना रंगीत टोप्या, तळहातावर नंबर उमटायचे, मी तेव्हा डिप्लोमाला होतो आणि रात्रभर झोप लागली नव्हती. मग २०२४ ला ह्युमेन कंपनीची कपड्याला लावायची एआय पिन आली, तीसुद्धा तळहातावर लेझरनं अक्षरं पाडायची, ६९९ डॉलर आणि वर महिन्याचे २४, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडली. उन्हात तळहातावरचं वाचता येत नव्हतं आणि उत्तर यायला वेळ लागायचा. आता मेटानं २०२५ ला डिस्प्लेवाला चष्मा काढलाय, त्याच्याबरोबर मनगटाला एक पट्टा आहे जो स्नायूंचे विजेचे सिग्नल ओळखतो, हात खिशात असला तरी चिमूट कळते. मला हे पुढं जाईल असं वाटतं, कारण तेलकट हातालाही स्नायू असतातच, पण तुमच्या शॉपसाठी आत्ता नाही.

आत्ता काय? मिसळीच्या दुकानात बघा, मालक कट वाढतोय, दोन्ही हात गुंतलेले, मान वर नाही, आणि बाजूची डबी बोलते साठ रुपये प्राप्त झाले. आपल्या गावात सगळ्यात जास्त चाललेली स्क्रीनलेस वस्तू तीच आहे. ती चालली कारण ती एकच गोष्ट सांगते आणि नेमकी तेव्हाच सांगते, ताई म्हणतात तसं. तुम्ही पण तेच करा. डिजिटल व्हर्निअर आणि बोअर गेज या माप घ्यायच्या साधनांना डेटा आउटपुट असतं, त्याला पायानं दाबायचा स्विच लावता येतो. माप घेतलं, पाय दाबला, आकडा कॉम्प्युटरला गेला, स्पीकर बोलला ओके नाहीतर बोअर जास्त. ड्रॉईंगसाठी मशीनच्या दाराला बारकोड, जॉबच्या ट्रेला बारकोड, दोन्ही जुळले तरच पुढं. आणि असेंब्लीच्या टेबलावर वरनं साधा प्रोजेक्टर लावून कुठल्या भोकात कुठला बोल्ट ते थेट जॉबवर उजेडानं दाखवता येतं, चष्मा नको काही नको, चार माणसं एकदम बघू शकतात. हे पण एआरच आहे, फक्त डोक्यावर घालायचं नाही. मशीनच्या आत मात्र प्रोजेक्टर लावू नका, कूलंटच्या धुक्यात काही दिसणार नाही.

चाकण_ते_कोल्हापूर
पायाच्या स्विचला +१. फक्त वायर जमिनीवरनं नेऊ नका, ट्रॉलीखाली तुटते, आमची दोनदा तुटली.

शिरोलीचा_सेटर
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं. चष्म्याला नाही म्हणून सांगितलं. रात्रपाळीवाल्या भावानं सांगितल्यासारखं शनिवारी पगारानंतर सगळ्यांना बसवलं, चहा-भजी मागवली आणि विचारलं की अडतंय कुठं. मला वाटलं होतं ड्रॉईंग दिसत नाही म्हणतील. ते म्हणाले ड्रॉईंग दोन दिवसांत पाठ होतं, अडतं ते माप लिहून ठेवायला, दर पाचव्या जॉबला हात पुसायचे, पेन शोधायचं, चार्टवर आकडा लिहायचा, मग घाईत शेवटी दहा आकडे एकदम अंदाजानं लिहिले जातात. दीड वर्षात हे मला कुणी बोललं नव्हतं कारण मी विचारलंच नव्हतं.

मग एका व्हीएमसीला पायाचा स्विच आणि स्पीकर बसवलाय. कॉम्प्रेसर चालू असताना पहिला स्पीकर ऐकूच येईना, म्हणून तो डोक्याच्या उंचीवर कॉलमला लावला, आता येतो. ओकेला एक टिंग, माप मर्यादेबाहेर गेलं तर आवाज आणि वर लाल दिवा. आबा रोज तिथं येऊन उभे राहतात. त्यांना टूल बोथट झाल्याचं कापण्याच्या आवाजावरनं कळतं, डोळे मिटूनसुद्धा, आणि त्यांची एकच अट होती की तुमच्या डबीच्या बडबडीत तो आवाज दबता कामा नये. म्हणून कटिंग चालू असताना स्पीकर गप्प राहतो, स्पिंडल (टूल फिरवणारा दांडा) थांबला की मगच बोलतो.

एक अडचण राहिलीय, राजारामपुरीवाल्यांनी सांगावं. कॉम्प्युटरचा मराठी आवाज आकडे फार पुस्तकी बोलतो, बासष्ट दशांश शून्य एक, तेवढ्यात माणूस गोंधळतो. आमच्यात बासष्ट पॉइंट झिरो वन म्हणतात. म्हणून आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, पांडूकाका, त्यांच्याच आवाजात आकडे रेकॉर्ड करायचे ठरवलंय, परवा मशीन बंद असताना ऑफिसात बसून एक ते शंभर आणि झिरो ते नाइन. फाईल सुट्ट्या सुट्ट्या ठेवू का सलग एकच करून कापू?

नववी_गल्ली_राजारामपुरी
सुट्ट्या ठेवा. आणि प्रत्येक आकडा दोनदा म्हणून घ्या, एक मापाच्या मधे येणारा आणि एक शेवटी येणारा, शेवटच्याला आवाज खाली उतरतो. शनिवारी येतो मी, माईक घेऊन.