जहाज रोमच्या बंदराला लागलं म्हणून रोम गाठायलाच हवं का?

सागरिका_ठाणे
मेडिटरेनियन क्रूझचं वेळापत्रक बघितलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी नावं दिसतात आणि आपण खूश होऊन पैसे भरतो. पण जहाज रोमला लागतच नाही, ते लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून ७०-८० किलोमीटरवर. फ्लॉरेन्स म्हणजे लिव्होर्नो, तिथून ट्रेनने दीडेक तास. आणि व्हेनिसमध्ये तर १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को या मुख्य चौकासमोरून जायलाच बंदी आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या रावेनाला उतरवतात आणि तिथून बसने दोन-अडीच तास.

माझं स्पष्ट मत असं आहे की आठ-दहा तासांच्या स्टॉपमध्ये ही लांबची शहरं गाठायच्या भानगडीत पडू नये. जहाज जिथे लागलंय ते गाव बघावं, नाहीतर फार तर अर्ध्या तासावरचं काहीतरी. रोमचा हिशोब मांडून बघा. सकाळी ७ ला जहाज लागतं, गँगवेवरून (जहाजाच्या उतरायच्या जिन्यावरून) उतरेपर्यंत सव्वाआठ होतात, मग पोर्टची शटल, मग स्टेशनपर्यंत दुसरी बस, मग ट्रेन, म्हणजे व्हॅटिकनपाशी पोचायला साडेदहा. जहाजावर परत यायची वेळ साडेपाच असेल तर तीनच्या सुमारास रोम सोडायचं. हातात उरले साडेचार तास, त्यात सेंट पीटर्स चर्चची सिक्युरिटीची रांग, जेवण, बाथरूम शोधणं, आणि पूर्ण वेळ एक डोळा घड्याळावर. याला रोम बघणं म्हणायचं का? मला वाटतं नाही.

नाशिकचा_प्रवासी
ताई, हिशोब बरोबर आहे पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. साडेचार तास कमी कसे? चिवितावेक्कियाहून येणारी रिजनल ट्रेन सान पिएत्रोला थांबते तशी पुढे ओस्तिएन्सेलाही थांबते. तिथे उतरून बाजूच्याच पिरामिदे स्टेशनवरून मेट्रो बी पकडली की दुसरं स्टेशन कलोसियम. वर आलात की समोरच. तिथून फोरमच्या (प्राचीन रोमच्या अवशेषांच्या) कडेने चालत पियात्सा व्हेनेत्सिया हा चौक, मग पँथिऑन हे जुनं रोमन मंदिर, मग त्रेवीचं कारंजं. हे सगळं चालत होतं आणि माझ्या बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर ते चालून दाखवलंय. व्हॅटिकन म्युझियम आणि कलोसियमच्या आत दोन्ही एका दिवसात करायला जाल तर फसाल, ते मान्य.

आणि मुख्य मुद्दा, आपण काही दर वर्षी इटलीला जात नाही. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत जीव जातो, विमानाचं तिकीट, क्रूझचे पैसे, नोकरीतून सुट्टी, एवढं सगळं करून रोमपासून तासाभरावर आलेल्या माणसाला तुम्ही सांगताय की चिवितावेक्कियात कॉफी पीत बस? बाबा पँथिऑनमध्ये उभे राहून वरच्या त्या गोल भोकाकडे बघत होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला कुठल्या बंदराच्या गावात मिळालं नसतं.

म्युनिककर
मी सागरिकाताईंच्या बाजूने. मी युरोपात राहतो आणि रोमला वेगळा गेलोय, क्रूझवरूनही गेलोय, आणि दुसऱ्या वेळी जे बघितलं ते पळत पळत. रोममध्ये संध्याकाळी ऊन उतरल्यावर जी मजा येते ती क्रूझवाल्याला कधीच मिळत नाही कारण त्या वेळी तो ट्रेनमध्ये असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बारा ते तीन फोरमच्या दगडांवर चालून बघा म्हणजे कळेल. रोमसाठी वेगळे चार दिवस काढा, क्रूझ सुरू व्हायच्या आधी काढा नाहीतर नंतर.

अजून एक गोष्ट, जी बुकिंग करताना कोणी सांगत नाही. इटलीत रेल्वेचे संप होतात, त्याला तिथे शोपेरो म्हणतात. आधी जाहीर होतात हे खरं, पण संपाच्या दिवशी ज्या गाड्यांची हमी असते त्या साधारण सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. तुमचं जहाज संध्याकाळी ६ ला सुटणार, मग ती हमी तुमच्या काय कामाची?

नाशिकचा_प्रवासी
दादा, तुम्ही म्युनिकला राहता म्हणून "वेगळे चार दिवस काढा" हे इतक्या सहज लिहू शकता. नाशिकहून निघणाऱ्याला ते तसं नाहीये. क्रूझ घेणाऱ्यांत निम्मे लोक ती घेतात याच कारणासाठी, की रोज हॉटेल बदलायचं नाही, बॅगा ओढायच्या नाहीत, रात्री त्याच खोलीत झोपायचं आणि तरी चार-पाच शहरं डोळ्यांखालून जातात. ज्याला गुडघ्यांचा त्रास आहे त्याला हा एकच मार्ग आहे. त्याच्यापुढे आदर्श रोम ठेवून जे मिळतंय ते सोडायला सांगणं मला बरोबर वाटत नाही.

संपाचं म्हणाल तर त्या दिवशी जहाजाची टूर घ्या. महाग असते, पण ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय तेच करतात. स्वतः गेलात आणि चुकलात तर पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने.

सागरिका_ठाणे
बाबांचं वाचून छान वाटलं, खरंच. पण मी "कॉफी पीत बसा" म्हणत नाहीये. ही बंदराची गावं म्हणजे रिकामी पार्किंगची जागा नाही, हे मला सांगायचंय. चिवितावेक्कियाचं बंदर सम्राट ट्रेजनने बांधलं, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. धक्क्याला लागूनच मायकेलअँजेलोच्या नावाचा किल्ला आहे.

आणि लिव्होर्नो तर बघाच. पोर्ट मोठं आणि मालवाहतुकीचं आहे, त्यातून चालत बाहेर पडू देत नाहीत, शटलने गावात यावं लागतं, म्हणून लोकांना वाटतं इथे काही नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याने हे गाव वसवलं आणि १५९० च्या दशकात कायदे करून ज्यू, ग्रीक, आर्मेनियन अशा सगळ्या व्यापाऱ्यांना इथे येऊन राहायचं आमंत्रण दिलं. कालव्यांचा एक अख्खा भाग आहे, पाण्याला लागून तळघरं, पूर्वी त्यात माल उतरवायचे. मी तिथे सकाळी हिंडत होते तर एक आजी पहिल्या मजल्यावरून दोरीने टोपली खाली सोडून खालच्या दुकानदाराकडून भाजी घेत होती. पर्यटक एकही नाही.

आणि शाकाहारी मंडळींसाठी, तिथे तोर्ता मिळते. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच, मोठ्या गोल परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून कुरकुरीत, आतून मऊ, आपल्या पिठल्याच्या वडीच्या फार जवळची चव. ती पावात घालून, वर मिरपूड आणि हवं तर वांग्याचे काप, कागदात गुंडाळून देतात. सासूबाई परदेशात खाण्याच्या बाबतीत फार जपून असतात, त्यांनी दोन खाल्ले. हे सोडून तीन तास ट्रेनमध्ये बसायचं आणि फ्लॉरेन्सला जाऊन दुओमोच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, बाहेर गर्दीत फोटो काढायचा?

किल्लेवाला
दोन्ही बाजू वाचल्या. माझं म्हणणं असं की बंदराबंदरात फरक आहे आणि तुम्ही दोघंही सगळ्यांना एकाच मापाने मोजताय.

नेपल्सला जहाज अगदी शहरात लागतं, बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्ला. तिथून गारिबाल्दी स्टेशनला जाऊन सर्कमवेसुव्हियाना ही लोकल ट्रेन पकडली की पॉम्पेई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर, ४० मिनिटांच्या आत-बाहेर. म्हणजे पॉम्पेई आरामात होतं आणि ते न बघता नेपल्समध्ये बसणं मला पटणार नाही. अथेन्सचं बंदर पिरेअस, तिथून मेट्रोने अर्ध्या तासात शहराच्या मध्यावरचं मोनास्तिराकी. तुर्कस्तानातल्या कुशादासीहून इफिससचे प्राचीन अवशेष २० किलोमीटरच्या आत. हे सगळं करावंच. माल्टाला तर प्रश्नच नाही, जहाज व्हॅलेटाच्या तटबंदीखाली लागतं, लिफ्टने वर गेलं की अप्पर बराक्काची बाग आणि खाली पूर्ण ग्रँड हार्बर. दुपारी बाराला तिथल्या तोफेची सलामी असते, ती चुकवू नका. १५६५ चा तुर्कांचा माल्टाला पडलेला वेढा ज्यांनी वाचलाय त्यांना तो तट बघताना काय वाटेल ते मी लिहायला नको.

रावेनाहून व्हेनिस मात्र नाही म्हणजे नाही. जाऊन-येऊन चार-पाच तास बसमध्ये, आणि ज्या रावेनात तुम्ही उतरलात तिथे पाचव्या-सहाव्या शतकातले मोझॅक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) आहेत, सान व्हिताले चर्च आणि गाल्ला प्लाचिदिया या रोमन राणीची समाधी, ते बघायला लोक मुद्दाम लांबून येतात. तिथे मी पूर्णपणे सागरिकाताईंच्या बाजूने.

म्युनिककर
रावेनाबद्दल शंभर टक्के. गाल्ला प्लाचिदिया बाहेरून विटांची साधी बुटकी इमारत आहे, आत गेलं की आधी काही दिसतच नाही, मग हळूहळू छताची निळाई दिसायला लागते आणि सोनेरी चांदण्या. आत थोडाच वेळ थांबू देतात आणि तिकीट आधी काढावं लागतं.

आणि एक मुद्दा राहिला, तिथल्या लोकांचा. एका वेळी हजारो माणसं उतरतात, चार तास त्याच पाच जागी गर्दी करतात आणि जेवायला परत जहाजावर, म्हणजे गावाला मिळतं काय? उगाच नाही डुब्रॉव्हनिकने एका वेळी दोनच जहाजं असा नियम केला, सँटोरिनीने दिवसाला ८००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली, व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्यांना तिकीट लावलं. बंदराच्या गावात हिंडलात, तिथे जेवलात, तर निदान पैसे तिथे राहतात.

नाशिकचा_प्रवासी
सँटोरिनीचं नाव काढलंत म्हणून, तिथे तर मर्यादा असूनही हाल होतात. जहाज समुद्रात उभं राहतं, छोट्या बोटीने जुन्या बंदरात उतरायचं आणि वर कड्यावरच्या फिरा या गावात जायला केबल कार, नाहीतर ५८८ पायऱ्या, नाहीतर गाढव. केबल कारच्या रांगेत उन्हात उभं राहण्यात वेळ जातो आणि परत उतरताना पुन्हा तीच रांग. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी त्या दिवशी पहिल्या बोटीने उतरावं किंवा चक्क जहाजावरून कॅल्डेरा (समुद्रात बुडालेलं ज्वालामुखीचं विवर) बघावा, डेकवरून तो सुंदरच दिसतो. गाढवावर बसू नका, एवढ्या उन्हात त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत.

पण गर्दीचा दोष एकट्या क्रूझवाल्यावर टाकणं मला मान्य नाही. व्हेनिसला विमानाने आणि ट्रेनने येणारेही कमी नाहीत. ज्याच्याकडे एकच दिवस आहे त्यालाच आधी "तू येऊ नकोस" म्हणायचं, हे मला खटकतं.

आईबाबांसह
सगळं वाचतेय, खूप उपयोग होतोय. आम्ही सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन जातोय, मार्सेय, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स असे स्टॉप आहेत. आईचा एक गुडघा ऑपरेशन झालेला, सलग तासभर चालते, मग बसावं लागतं. बाबांना मार्सेयला सावरकरांनी उडी मारली ते बंदर बघायचंय, बाकी त्यांची काही अट नाही. काय ठेवू, काय सोडू?

किल्लेवाला
मार्सेयची उडी ८ जुलै १९१०, मोरिया बोटीतून. क्रूझ टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच लांब आहे, चालत जायच्या फंदात पडू नका, शटल किंवा टॅक्सी घ्या. नॉत्र-दाम द ला गार्द हे चर्च टेकडीवर आहे, तिथपर्यंत बस जाते आणि वरून सगळी बंदरं, बेटं एका नजरेत दिसतात. बाबांना समुद्राकडे बघत तिथे निवांत बसवा.

पॉम्पेई आईंना जड जाईल. रस्त्याचे दगड उंचसखल आहेत, सावली कमी, व्याप फार मोठा. अँफिथिएटरच्या बाजूने आत जाणारा एक सोपा मार्ग केलेला आहे, पण तोही बराच लांबतो.

म्युनिककर
नेपल्सला आईंसाठी मी पुरातत्त्व संग्रहालय सुचवेन. पॉम्पेईतली चांगली मोझॅक, भित्तिचित्रं, भांडीकुंडी सगळी तिथेच आहेत, सावलीत, बसायला जागा. आणि आपल्या लोकांनी तिथे एक गोष्ट बघायलाच हवी. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती मिळाली, जेमतेम वीतभर उंचीची, भारतातून गेलेली, तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात. अंगावर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला तशाच घडणीची मूर्ती सापडली, म्हणून ती तिकडचीच असावी असं काही अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या मराठवाड्यातलं हस्तिदंताचं काम इसवी सन ७९ च्या उद्रेकाआधी व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी एका घरात होतं! ती ज्या दालनात आहे ते उघडं आहे ना एवढं आधी बघून घ्या. आणि मंगळवारी संग्रहालय बंद असतं.

सागरिका_ठाणे
लक्ष्मीबद्दल मला माहीत नव्हतं, फार छान माहिती. आईंसाठी लिव्होर्नोला गावातच राहा असं मी आग्रहाने सांगेन, सपाट रस्ते आहेत, दर पाच मिनिटांनी बसायला बाक. पीसाचा मनोरा बघायचाच असेल तर पीसा ट्रेनने १५-२० मिनिटांवर, तेवढं चालेल. फ्लॉरेन्स नको.

नाशिकचा_प्रवासी
लिव्होर्नोचं ताईंचं ऐका, या वेळी मीही तेच म्हणेन. पण रोम सोडू नका. आईंना चालवायचं नाही, सान पिएत्रोला उतरून टॅक्सीने सेंट पीटर्सचा चौक, सकाळी लवकर, चौकाच्या कडेला खांबांच्या पायऱ्यांवर सावलीत बसायचं. रांग कमी असेल तर आत, नाहीतर तिथूनच बघून दोनच्या ट्रेनने परत. रविवार किंवा बुधवार येत असेल तर पोपच्या कार्यक्रमामुळे गर्दी असते, ते तपासा.

सागरिका_ठाणे
एका चौकासाठी तीन-साडेतीन तासांचा प्रवास, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला? मला नाही पटत.

नाशिकचा_प्रवासी
ते आईंना विचारू द्या ना, त्यांना काय हवंय ते.

आईबाबांसह
विचारलं. आई म्हणाली पोपचं देऊळ बाहेरून दिसलं तरी चालेल पण रोमला जायचं, आणि त्या बदल्यात लिव्होर्नोला दिवसभर काहीच ठरवायचं नाही, फक्त ती तोर्ता खायची. बाबा लक्ष्मीसाठी हटून बसलेत, ते मूळचे जालन्याचे. पण आमचं जहाज नेपल्सला मंगळवारीच लागतंय.

म्युनिककर
अरेरे. मग एर्कोलानो करा, तेही त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं रोमन गाव. पॉम्पेईच्याच लाइनवर, पण अलीकडे, गारिबाल्दीहून २० मिनिटं. पॉम्पेईपेक्षा खूप लहान, दीड-दोन तासांत होतं, आणि घरांचे वरचे मजले, जळून कोळसा झालेले लाकडी दरवाजे अजून जागेवर आहेत. स्टेशनपासून खाली उतार आहे, परत येताना चढ लागेल, तेव्हा आईंसाठी टॅक्सी करा. लक्ष्मीसाठी बाबांना म्हणावं, पुढच्या वेळी नेपल्सला विमानाने या आणि दोन दिवस राहा.