मदत हवी आहे: गुन्हा कबूल करायचा की प्ली बार्गेनिंगचा (तडजोडीने कमी शिक्षा घेण्याचा) अर्ज?

मामेभाऊ, वय २२, दुचाकी चोरीच्या केसमध्ये आत आहे. कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३(२), म्हणजे जास्तीत जास्त तीन वर्षं. आधीचा एकही गुन्हा नाही. तुरुंगात पाच महिने होऊन गेले. जामीन मंजूर आहे, पण गाव लातूरकडचं आणि केस ठाण्याकडची. सॉल्व्हन्सीवाला (ऐपतीचा दाखला असलेला) स्थानिक जामीनदार आणायचा कुठून? रोख जामिनाचा अर्ज फेटाळला गेला.

वकील म्हणतात, "कोर्टात सरळ हो म्हण, भोगलेल्या शिक्षेवर सुटशील." चोरी केलीच नाही असं पोरगा आजही सांगतो, पण सुटायच्या घाईत हो म्हणायला तयार झालाय. तीच खरी भीती.

नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटला कसा चालवायचा त्या कायद्याचं) प्रकरण २३ वाचलं. प्ली बार्गेनिंगचा अर्ज दोषारोप ठेवल्यापासून ३० दिवसांत करायचा, आणि पहिलाच गुन्हा असेल तर शिक्षा एक षष्ठांशापर्यंत येऊ शकते. इथे ती सहा महिने होते, म्हणजे जवळपास भोगून झालीच. दोषारोप ठेवून दोन आठवडे झालेत. त्या निकालावर नेहमीचं अपील नाही, हेही कळलंय. वकील बदलायला पैसे नाहीत, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिलाय. केस लढा असं सांगणार असाल तर तोवर जामिनाचं काय, तेही सांगा.

फिर्यादी फोन उचलत नाही. तो प्ली बार्गेनिंगच्या तडजोडीच्या बैठकीला आलाच नाही तर अर्ज निकाली काढतात की पुढची तारीख देतात? आणि पुढे नोकरीच्या पोलीस पडताळणीत सरळ कबुली आणि प्ली बार्गेनिंग यांत काही फरक पडतो का, की दोन्हीकडे दोषसिद्धीच लागते?